कुत्र्याला कॅम्परव्हॅनमध्ये कोंडू नका

महोदय,

गणपतीपुळे, गुहागर, तारकर्लीला कॅम्परव्हॅन (राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी) घेऊन येणाऱ्यांनी कुत्र्याला गाडीत कोंडून समुद्रावर जाऊ नये, ही कळकळीची विनंती. बाहेर ३२ अंश असताना उन्हातल्या बंद गाडीत दहाच मिनिटांत पारा ४० च्या वर जातो. काच दोन बोटे खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. कुत्रा धापा टाकून अंग थंड ठेवतो आणि कोकणच्या दमट हवेत जिभेवरची लाळ लवकर सुकतच नाही. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींचे तर हाल विचारूच नका.

‘एसी चालू आहे’ यावर विसंबू नये. गाडीला बाहेरून जोडलेली वीज गेली की एसी बंद, आणि ऑटो रिस्टार्ट नसेल तर वीज आल्यावरही तो बंदच राहतो. आळीपाळीने एकाने थांबावे, हेच खरे.

कुत्र्याच्या हिरड्या लालभडक, लाळ चिकट, पाय लटपटत असतील तर सावलीत नेऊन अंगावर नळाचे साधे पाणी ओतत राहावे, वारा घालावा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नये, उष्णता आत कोंडते. मग तडक पशुवैद्याकडे न्यावे. जवळच्या दवाखान्याचा नंबर मुक्कामाला पोहोचतानाच घेऊन ठेवावा.

– एक वाचक, रत्नागिरी