‘कामात असशील म्हणून फोन केला नाही’

ती. आई-बाबांस सा. न.

वरचं वाक्य तुमच्या तोंडून ऐकलं की पोटात कालवतं, म्हणून लिहिते आहे. आईवडिलांसाठी रजा मागणं म्हणजे उपकार मागणं नव्हे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९८१ साली कौटुंबिक जबाबदाऱ्या असलेल्या कामगारांसाठी करार (क्र. १५६) केला, त्यात मुलांबरोबर घरातली आधार लागणारी जवळची माणसंही आहेत.

नोकरदाराचे हाल रजेने होत नाहीत, अचानक घ्याव्या लागणाऱ्या रजेने होतात. तपासणी आठ दिवस आधी कळली की अर्धा दिवस मागता येतो आणि काम सोपवता येतं: काय झालंय, काय राहिलंय, अडलं तर कुणाला विचारायचं, एवढ्या तीन ओळी पुरतात. तीच त्या दिवशी सकाळी कळली तर सहकाऱ्याच्या गळ्यात काम पडतं आणि अर्धवट टाकलेलं डॉक्टरांसमोर बसल्यावरही डोक्यात घोळत राहतं. डॉक्टर काय म्हणाले, तेच मग निसटतं.

म्हणून गोळ्या सात दिवसांच्या उरल्या की सांगा, संपल्यावर नको. डॉक्टरांची वेळ सकाळची पहिली घ्या. पुढच्या वेळा एकेका पेशंटमागे लांबत जातात आणि अर्ध्या दिवसाची रजा पूर्ण दिवसाची होते.

साधं काही असेल तर एका ओळीचा निरोप ठेवा: काय हवंय, कधीपर्यंत. तातडीचं असेल तर लागोपाठ दोनदा फोन करा. मीटिंगमध्ये एकदा वाजून थांबलेला फोन ‘नंतर बघू’ म्हणून राहून जातो, लगेच दुसरा आला की माणूस उठतोच. बऱ्याच फोनमध्ये ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावलेलं असतानाही काही मिनिटांत पुन्हा आलेला फोन वाजू देण्याची सोय असते, ती सुरू ठेवायची.

बाबा, दादाला आणि मला कामं वाटताना ‘तू आठवण कर, तो आणेल’ असं नको. अशाने लक्षात ठेवायचं ओझं एकीवरच राहतं, आणि ते कुणाला दिसतही नाही. औषधं द्यायची तर अख्खी एकाकडे: किती उरली ते बघणं, आणणं, डबीत वारांप्रमाणे भरणं. तपासण्या दुसऱ्याकडे.

आणि आई, गुडघा कधीपासून दुखतोय, सकाळी जास्त की रात्री, जिना चढताना की उतरताना, हे आजच कागदावर लिहून ठेव. तारीख मिळाली की त्याच दिवशी कळव.

तुमची,
ताई