पळसाला पानं तीनच, मग आता काय पळसापासून पळायचं?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या दफनभूम्यांवर जे पानभर आलं होतं ते मी दोनदा वाचलं. लेख खरंच छान होता, आमच्या रेवदंड्याच्या कोटातले पोर्तुगीज अक्षरं कोरलेले थडग्यांचे दगड, मुरुडच्या बाजूचे खोकरीचे घुमट, कॅम्प दापोलीचं इंग्रजांचं कबरस्तान, नवगावची बेने इस्रायल (आपले कोकणातले मराठी बोलणारे यहुदी) लोकांची जागा, एवढं सगळं एका पानात बघून बरं वाटलं. नाहीतर कोकण म्हटलं की बीच आणि मासळीची थाळी, याच्या पलीकडे कोण लिहितं.

तक्रार लेखाबद्दल नाही, त्याच्या बाजूला जी चौकट होती तिच्याबद्दल आहे. 'झाडीत शिरताना घ्यायची काळजी' अशी काहीतरी होती आणि त्यात पहिलीच सूचना, तीन-तीन पानांचं झुडूप किंवा वेल दिसला की लांब राहा, विषारी असतो. मी वाचून एवढा हसलो की आतून बायको विचारायला आली काय झालं. अहो संपादकसाहेब, पळसाला पानं तीनच ही म्हण आपल्यात पोराटोरांना पाठ असते. बेलाला तीन, पांगाऱ्याला तीन, आणि आमच्या अलिबाग तालुक्यात थंडीत जिकडे बघाल तिकडे वाल लावलेला असतो त्यालाही तीनच. म्हणजे पोपटी (मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा) खायला आलेल्या पाहुण्यांनी वालाचं शेत बघून गाडीत जाऊन बसायचं का? आणि शंकराच्या देवळात काय करायचं?

ही सूचना कुठून आली ते मला लगेच कळलं कारण माझी भाची न्यू जर्सीत असते. तिला जुन्या कबरस्तानांत फिरून दगडांवरची नावं वाचायचा नाद आहे (आमच्या घरात हे खूळ आहेच, माझ्याकडूनच गेलं असणार). तिकडे पॉयझन आयव्ही म्हणून एक वेल असतो, त्याचं तेल अंगाला लागलं की फोड येतात, आपल्याकडे तो नाहीच. ऊन येतं अशा कडेकडेला, दगडी कंपाउंडवर, जुन्या झाडांच्या खोडावर चढतो, म्हणजे पडीक कबरस्तान ही त्याला एकदम पसंतीची जागा. पान तीन पानांचं, मधल्याचा देठ लांब, बाजूची दोन जरा वाकडी, हिवाळ्याआधी लालभडक होतात म्हणून लोक उलट फोटो काढायला जवळ जातात. बर्फाच्या दिवसात पानं झडली तरी खोडावर केसाळ दोरखंडासारखा वेल चिकटलेला असतो आणि त्यालाही हात लावायचा नाही, तेल त्यातही असतंच. भाचीने एकदा थडग्यावरचा वेल हाताने बाजूला केला, त्या दिवशी काही नाही, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मनगटापासून कोपरापर्यंत रेघोट्या उठल्यासारखे फोड. पार तीन आठवडे चाललं तिचं. आणि चार दिवसांनी तेच बूट साफ करायला घेतले तर परत बोटांवर आलं, कारण ते तेल बुटांवर, कपड्यांवर, कुत्र्याच्या केसांवर कितीतरी दिवस टिकून राहतं. फोडातलं पाणी लागून ते पसरत नाही, दुसऱ्याला होत नाही, हे तिला डॉक्टरनी सांगितलं तेव्हा कुठे तिच्या नवऱ्याने तिच्या हातचा चहा घेतला.

तिने फोनवर हे सगळं सांगितलं तेव्हा माझी आई होती अजून, वय झालेलं पण कान शाबूत. ती पलंगावरूनच म्हणाली, "अगो तुला बिबा उतलाय." म्हणजे बिब्याचा रस लागून फोड आलेत. आम्ही हसलो. पण नंतर मी जरा वाचून काढलं तर म्हातारी अगदी बरोबर होती! पॉयझन आयव्ही, आपला बिबा, काजू आणि आंबा हे सगळे एकाच कुळातले. त्या वेलातल्या तेलाला उरुशिऑल म्हणतात, जपानी लोक ज्या झाडाच्या चिकाने लाकडी भांड्यांना चकाकी आणतात त्या चिकाला उरुशी म्हणतात त्यावरून ते नाव आलं, आणि बिब्याच्या काळ्या रसात, काजूच्या टरफलातल्या तेलात, आंब्याच्या चिकात त्याच्याच भावकीतली द्रव्यं असतात. धोबी लोक पूर्वी ज्या बिब्याने कपड्यावर खूण करायचे तोच हा बिबा. आंब्याचा चीक ओठाला लागून कोपऱ्यात काळं पडलेलं लहानपणी कोणाला झालं नाही कोकणात? ओले काजूगर सोलणाऱ्या बायकांच्या बोटांची सालं कशाने जातात? तिकडे ज्यांना आयव्हीची बाधा होऊन गेलेली असते त्यातल्या काही जणांना आंब्याच्या सालीनेसुद्धा तोंडाभोवती पुरळ येतं. भाची आता हापूस चोखून खात नाही, सुरीने फोडी करून खाते, मला हे ऐकून जरा वाईटच वाटलं.

तर मुद्दा असा की ज्ञान आपल्याकडे घरात पडलेलं आहे आणि आपण मात्र अमेरिकेतली सूचना भाषांतर करून छापतो. बिब्याचं पान मोठं, एकटं असतं. काजूचं एकटं, आंब्याचं एकटं. डोंगराकडच्या देवरायांत रानबिब्याची झाडं असतात ज्यांचा चीक वाऱ्याला लागला की काळा पडतो आणि अंगाला लागला की सूज येते, त्याचंही पान एकटंच. म्हणजे तुमच्या चौकटीच्या नियमाने चाललो तर बेलाला घाबरायचं आणि बिब्याला टेकून सेल्फी काढायचा. याला बिब्बा घालणं म्हणतात.

बरं, तीन पानांची एक गोष्ट मात्र आपल्याकडे खरंच त्रास देते, खाजकुयली. आणि गंमत अशी की तिचं पान काही करत नाही, करते ती शेंग. पावसाळ्यानंतर जांभळी फुलं येतात, मग इंग्रजी एस सारख्या वाकड्या शेंगा, वर सोनेरी तपकिरी मखमल, बघायला इतक्या सुंदर की हात पुढे जातोच. ती मखमल म्हणजे बारीक कुसं. शेंगा वाळतात त्या डिसेंबर-जानेवारीपासून पुढे, म्हणजे नेमके तुमच्या पुरवणीचे वाचक इकडे येतात तेव्हा, आणि तोवर वेलाची पानं झडत आलेली असतात, मग तीन मोजणार कशाची? नुसतं खालून गेलं आणि वाऱ्याची झुळूक आली तरी पुरे. (मी पस्तीस वर्षं मास्तरकी केली. माझ्या खुर्चीवर एकदा टाकली होती पोरांनी. कोणी टाकली ते मला त्याच दिवशी कळलं होतं, तो आज गावात मोठा माणूस आहे, असो.)

हे पत्र लिहायला बसलो ते मात्र दुसऱ्याच कारणाने. माझ्या वर्गातला एक मित्र होता, बेने इस्रायल, आमच्याकडे जुनी माणसं त्यांना शनिवारतेली म्हणायची कारण ते शनिवारी घाणा बंद ठेवायचे. त्यांचं घर साठच्या दशकात इस्रायलला गेलं. तीन-चार वर्षांमागे जानेवारीत त्याचा मुलगा आला आजोबांची कबर शोधायला. तिकडेच जन्मलेला पण आईकडून शिकलेलं मराठी बोलतो, ते पण आमच्या इथलं जुनं मराठी, ऐकून अंगावर काटा आला माझ्या. हाफ पँट, सॅंडल, आणि मी सांगतोय थांब जरा कोयता घेऊन येतो तोवर हा आत शिरला पण, कारण त्याला कोपऱ्यात एक दगड दिसला वेलाने झाकलेला आणि त्याने दोन्ही हातांनी वेल ओढला. वरून जी तपकिरी भुकटी पडली ती मला वीस फुटांवरून दिसली. दोन मिनिटांत पोरगा नाचायला लागला. त्यातही त्याने फोन काढून शोधलं, वाळलेल्या वेलावर दोन-चार पानं होती, तीन-तीन, आणि फोनने सांगितलं पॉयझन आयव्ही! झालं, म्हणे हॉस्पिटल, इंजेक्शन.

मी त्याला म्हटलं आधी खाजवणं बंद कर. खाजवलं चोळलं की कुसं आणखी आत जातात, आणि तोच हात डोळ्याला गेला तर मग खरंच हॉस्पिटल. पॉयझन आयव्ही दुसऱ्या दिवशी उठतो रे बाबा, हे तुला आत्ता होतंय म्हणजे ते नव्हेच. शेजारच्या काकू शेण घेऊन आल्या, गावात शेण फासतात आणि वाळलं की काढतात, कुसं निघून येतात त्याबरोबर, पण त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी दुकानातून चिकटपट्टी आणवली. पट्टी लावायची, ओढायची, नवी घ्यायची. दहा-बारा पट्ट्या लागल्या. मग विहिरीवर साबण लावून अंघोळ, कपडे वेगळे भिजवले. तासाभरात माणसात आला, चहा प्याला. दुसऱ्या दिवशी माझी जुनी फुल पँट घालून, पायात बूट, हातात रबरी हातमोजे अशा अवतारात परत गेलो आणि तो दगड साफ केला. वर हिब्रू, खाली मराठी. आजोबांचाच निघाला. त्याने एक लहान खडा उचलून वर ठेवला, त्यांच्यात तशी पद्धत आहे, आणि बराच वेळ काही बोलला नाही.

अशी माणसं येत राहणार आहेत, येऊ देत, त्यांच्यासाठी तरी चौकट नीट असावी. मला विचाराल तर फुल पँट, लांब बाह्या आणि पायात बूट, एवढ्यावर निम्मं काम होतं, पानं मोजायची गरजच नाही. झाडी हाताने बाजूला करू नये, काठीने करावी, काठीचा दुसरा फायदा असा की दगडांच्या फटीत फुरसं असतं त्याला आधी वर्दी जाते. शेराचं कुंपण असेल तर त्याची फांदी मोडू नये, तो पांढरा चीक डोळ्यात गेला तर फार वाईट, पाण्याने धूत राहायचं आणि थेट डॉक्टर. चीक अंगाला लागला असं नुसतं वाटलं तरी लगेच साबण आणि भरपूर पाणी, आणि घरी गेल्यावर कोयता, बूट, काठी हेही धुवायचं, माझ्या भाचीसारखं नको व्हायला. बिबा उतला तर आमच्याकडे खोबरेल लावतात, पण तोंड सुजलं किंवा डोळ्यापाशी आलं तर तेलाच्या भरवशावर बसू नये.

आणि एक, हे आमच्याच लोकांसाठी. साफसफाई म्हणून कबरस्तानातली झाडी पेटवून देतात, हे बंद करा. अमेरिकेत पॉयझन आयव्ही जाळला की धुरातून ते तेल छातीत जातं आणि माणसाला श्वास घेता येत नाही असं होतं, म्हणून तिकडे सक्त मनाई करतात. आपल्याकडे काजूच्या बिया भाजताना धुरात उभा राहू नको असं प्रत्येक आईने प्रत्येक पोराला सांगितलेलं आहे, मग बिबा-काजूचा पालापाचोळा जाळताना ते कुठे जातं? शिवाय जुना दगड आगीने तडकतो, वरची अक्षरं जातात ती जातातच. आमच्या इथे दोन वर्षांमागे असंच कोणीतरी पेटवलं, एका दगडाचे तीन तुकडे झाले, कोणी ते मला माहीत आहे पण इथे लिहीत नाही. कोयत्याने तोडा, बाहेर टाका, कुजू द्या.

तर कृपा करून पुढच्या पुरवणीत ती चौकट परत छापा, या वेळी आपल्या झाडांची. फोटो त्या लाल पानांचा नको, खाजकुयलीच्या शेंगेचा छापा. तुमच्याकडे नसेल तर मी पाठवतो, माझ्या मोबाईलचा कॅमेरा बेताचाच आहे पण शेंगा काही हलत नाहीत, लांबून झूम करून काढीन.

आपला,
एक निवृत्त मास्तर
रेवदंडा, ता. अलिबाग