हाडांची वाढ आणि इस्ट्रोजेन

महोदय,

इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा संबंध केवळ स्त्रियांच्या हाडांशी आहे, हा समज दूर व्हावा म्हणून हे पत्र लिहीत आहे. १९९४ मध्ये अमेरिकेतील २८ वर्षांच्या एका पुरुषाची वैद्यकीय नोंद प्रसिद्ध झाली. त्याच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन पुरेसे होते, इस्ट्रोजेनही होते. मात्र जनुकीय दोषामुळे त्याच्या पेशी इस्ट्रोजेनला प्रतिसादच देऊ शकत नव्हत्या. परिणामी उंची २०४ सेंटिमीटर झाली, तरी हाडांच्या टोकांजवळचे कूर्चेचे वाढपट्टे, जे मिटले की उंची थांबते, मिटले नव्हते, हाडांचे वय १५ वर्षांच्या मुलाइतकेच होते आणि तरुणपणीच ती विरळ झाली होती. मुलग्यांचीही उंची अखेर थांबवणारे संप्रेरक इस्ट्रोजेनच आहे, ही गोष्ट मला विलक्षण वाटते.

पुढील आयुष्यात हेच संप्रेरक हाड झिजवणाऱ्या पेशींना आवरते आणि हाड बांधणाऱ्या पेशींना टिकवून धरते. ते घटले, की झीज बांधणीच्या पुढे जाते. म्हणूनच चाळिशीच्या आत पाळी गेलेल्या किंवा अंडाशय काढलेल्या स्त्रियांना नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्या देऊन घरी पाठवणे अपुरे आहे. माझ्या थोरल्या बहिणीच्या हाडांची घनता मनगट मोडल्यावरच प्रथम तपासली गेली, याचे दुःख अजून आहे. अंडाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेपूर्वीच घनता तपासणी आणि संप्रेरकोपचार यांविषयी डॉक्टरांनी रुग्णाशी सविस्तर बोलावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सातारा