मंगळवारचा न उचललेला फोन

पुणे,
रविवार, १० ऑगस्ट २०२५

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

मंगळवारी तुम्ही चार वेळा फोन केलात आणि मी एकदाही उचलला नाही. रात्री अकराला फोन लावला तेव्हा आईचा आवाज भरून आला होता. "आईशी दोन शब्द बोलायलाही वेळ नाही का तुला?" असं ती म्हणाली. मी इतकी दमले होते की मला धड काही सांगताच आलं नाही. आज पहिलं काम अकराला आहे, तोवर सगळं नीट लिहिते.

आई, तुझा पहिला फोन आला तेव्हा माझ्या दातात दोरा होता. थ्रेडिंग करताना दोऱ्याचं एक टोक दातात धरतो आणि दोन्ही हातांत पीळ असतो. समोरची बाई पापणी ताणून डोळे मिटून बसलेली असते. तिथे एक झटका चुकला की भुवईची कमान तुटते आणि ती भरून यायला काही आठवडे जातात. दुसरा फोन आला तेव्हा एका काकूंच्या पायावर वॅक्स पसरलेलं होतं. ते गार व्हायच्या आत पट्टी ओढावी लागते. पुढचे दोन फोन मी गाडीवर असताना आले. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, हे बाबांनीच शिकवलंय. त्यात तो श्रावणातला मंगळवार. मंगळागौरीला जाणाऱ्या मुलींनी सोमवार-मंगळवार आधीच भरून टाकले होते.

पार्लर सोडून स्वतःचं काम सुरू केलं तेव्हा वाटलं होतं, हातात कला आहे, आयटीआयचं सर्टिफिकेट आहे, पार्लरमधला दोन वर्षांचा अनुभव आहे, आणखी काय लागतं? हात चांगलाच आहे माझा, ते सगळ्याजणी सांगतात. पण वेळा लावणं मला कुणी शिकवलंच नव्हतं. पार्लरमध्ये बाई येऊन बाकावर बसते आणि आपण एकामागून एक करत जातो. बायकांच्या घरी जाऊन करायचं म्हणजे सगळंच उलटं.

जुलैमधला एक दिवस तुम्हाला सांगितला नव्हता. दहाला कर्वेनगरमध्ये वॅक्स आणि आयब्रो, बाराला धायरीत फेशियल आणि दोनला बाणेरमध्ये एका आयटीवाल्या ताईंचं काम घेतलं होतं. कामाचा वेळ मी अगदी बरोबर धरला होता, पण मधला वेळ धरलाच नव्हता. सोसायटीच्या गेटवर वॉचमन ॲपवर नोंद करतो, आणि वरून होकार येईपर्यंत मी बॅग सांभाळत उभी. गाडी बाहेर लावायची. वर गेल्यावर हीटरला प्लग शोधायचा. वॅक्स वितळायला वीस मिनिटं सहज जातात. काम झालं की कागद गोळा करायचे, पट्ट्या पिशवीत बांधायच्या, फरशी पुसून द्यायची. काकूंनी केलेला चहा नाही म्हणवत नाही. तासाच्या कामाला पावणेदोन तास लागले. धायरीतून निघाले तेव्हाच अडीच वाजून गेले होते. बाणेरला पोचले तर ताईंनी दार अर्धंच उघडलं, कानात हेडफोन होता. "माझी मीटिंग सुरू झाली, आता राहू दे," म्हणाल्या. माझ्यासाठी त्यांनी जेवणाची सुट्टी मोकळी ठेवली होती. रागावल्या असत्या तरी चाललं असतं. परत येताना डोळ्यांतून पाणी येत होतं.

त्या रात्री बाबांची फार आठवण झाली. बाबा, कराड-चिपळूण गाडीवर होतात तेव्हा तुम्ही म्हणायचात, पावसाळ्यात कुंभार्ली घाटाला जादा वेळ धरायचाच, घाट कुणासाठी थांबत नाही. मी दुसऱ्या दिवशी डायरी विकत आणली आणि प्रत्येक कामासमोर दोन आकडे लिहायला लागले, एक कामाचा आणि एक घाटाचा. खरंच "घाट" असंच लिहिते मी. ॲक्टिव्हावर नकाशा वीस मिनिटं दाखवतो तेव्हा मी चाळीस धरते, आणि नवले पुलाकडून जायचं असेल तर त्याहून जास्त.

आता वारही वाटून घेतलेत. सोमवारी आणि बुधवारी कोथरूड, कर्वेनगर, वारजे. मंगळवारी आणि शुक्रवारी सिंहगड रोड. शनिवार-रविवार बाणेर-बालेवाडी, कारण नोकरी करणाऱ्या ताया तेव्हाच घरी सापडतात. घरी असणाऱ्यांना डबे आणि शाळेची बस आटोपल्यावर, दहा ते साडेबारा बरं पडतं. गुरुवार दुपार मी मुद्दाम कुणालाच देत नाही. कुणाची पाळी येते, कुणाचं मूल आजारी पडतं, त्यांना त्यात बसवता येतं. निघतानाच पुढची तारीखही लिहून घेते, वॅक्सला चार आठवड्यांनी, आयब्रोला तीन. केस पुरते वाढलेले नसतील तर वॅक्स धरत नाही. अशा वेळी मी सरळ सांगते, आठवडाभर थांबा. एक काम गेलं तरी चालेल, पण बाईला विनाकारण दुखायला नको.

नाही म्हणायला मात्र अजून जड जातं. परवा एक काकू म्हणाल्या, उद्याच केसांना रंग लाव. नव्या बाईला रंग लावायच्या अठ्ठेचाळीस तास आधी कानामागे थोडासा लावून बघावा लागतो, नाहीतर कुणाला खाज येते, कुणाचं तोंड सुजतं. मी दोन दिवस मागितले तर काकू रागावल्या. पण मी ऐकलं नाही.

आई, तुझी खरी काळजी मला माहीत आहे. मी फक्त बायकांचंच काम घेते. नवीन बाई असेल तर आधी फोनवर बोलते, पत्ता घेते आणि दोनशे रुपये ॲडव्हान्स आल्याशिवाय डायरीत नाव लिहीत नाही. शेवटचं काम संध्याकाळी सहाला सुरू होईल असंच घेते. कुठे जातेय ते खोलीवरच्या मैत्रिणीला फोनवर सतत दिसत असतं. मंगळवारी रात्री घरी यायला उशीर झाला तो सहाचं काम साडेसातला सुरू झालं म्हणून. ते पुन्हा होऊ देणार नाही.

आता गौरी-गणपतीचं. हरतालिका २६ तारखेला, मंगळवारी. बायका मेंदी २५ च्या संध्याकाळी काढतात आणि मेंदीवर वॅक्स केलं तर रंग उतरतो, म्हणून सगळ्यांना २३, २४ आणि २५ च हवी आहे. फेशियल मी आधीच्या आठवड्यात घ्यायला लावतेय, म्हणजे चेहऱ्यावरची लाली बसते. ते आठ दिवस मला श्वास घ्यायला फुरसत नसेल. चतुर्थीला येता येणार नाही. बाबा, माझ्या वाटणीची आरती तुम्ही म्हणा.

पण ३० ऑगस्टच्या दुपारपासून २ सप्टेंबरपर्यंत डायरीत आडवी रेघ मारून "कराड" लिहिलंय. ३० ला दुपारी स्वारगेटवरून निघते. गौरी मीच आत घेईन. साड्या नेसवायचं काम माझ्यासाठी ठेव, आई.

आणि रोज दुपारी दोन ते अडीच मी कुणालाच देत नाही. तेव्हा डबा खाते. त्या वेळात फोन करा, हात मोकळे असतात.

बाबांच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्या असतील, आणून ठेवा.

तुमची,
सोनू