आधी धुराडे, मग फायरप्लेस

मा. संपादक,
स.न.वि.वि.

महाबळेश्वर-पाचगणी परिसरात नव्याने बांधल्या जाणाऱ्या बंगल्यांच्या दिवाणखान्यात फायरप्लेस हवीच, असा आग्रह अलीकडे दिसतो. हौसेबद्दल माझी तक्रार नाही. साडेचार हजार फुटांवरच्या डिसेंबरातल्या रात्री जाळापुढे बसण्याचे सुख मीही घेतले आहे. मात्र ही फायरप्लेस बहुधा अंतर्गत सजावटीच्या वेळी, म्हणजे स्लॅब पडून गेल्यावर सुचते आणि धूर कुठून जाणार हा प्रश्न मिस्त्रीच्या अंदाजावर सोडला जातो, हे बांधकामात आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला स्वस्थ बसू देत नाही.

माझ्या एका आप्तांच्या बंगल्यात हेच झाले. जाळाचे तोंड तीन फूट रुंद व अडीच फूट उंच, भोवती संगमरवरी चौकट, आणि मागे भिंतीतून वळवून बाहेर काढलेला सहा इंची पत्र्याचा पाइप. धुराड्याच्या पोकळीचे क्षेत्रफळ जाळाच्या तोंडाच्या साधारण एक दशांश असावे, हा जुना ठोकताळा लावला तर येथे १०८ चौरस इंच हवे होते. मिळाले जेमतेम २८. पहिल्याच रात्री खोली धुराने भरली. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा बंद केल्यावर धूर थोडा कमी झाला, कारण दारे-खिडक्या घट्ट लावलेल्या घरात पंख्याने बाहेर फेकलेली हवा भरून निघण्यास धुराडे हीच वाट उरली होती आणि तेच उलटे वाहू लागले होते. जाळासाठी बाहेरची हवा आणणारा झरोका मुळातच ठेवलेला नव्हता.

धूर वर जातो तो गरम हवा हलकी असते म्हणून, आणि त्याला मिळणारी ओढ धुराड्याच्या उंचीवर व आत-बाहेरच्या तापमानातील फरकावर ठरते. आपल्याकडची थंडी युरोपइतकी कडक नसल्याने तो फरक कमीच. म्हणून उंचीत काटकसर परवडत नाही. एकूण उंची निदान १५ फूट असावी, छपरातून बाहेर पडते तेथून धुराडे किमान ३ फूट वर जावे आणि १० फुटांच्या आतील आढे किंवा भिंत यांपेक्षा त्याचे टोक २ फूट तरी उंच राहावे. शक्यतो ते घराच्या आतल्या भिंतीत घ्यावे. बाहेरच्या भिंतीतले गार पडते आणि ओढ धरत नाही. जाळावरचा घसा, म्हणजे धूर धुराड्यात शिरतो ती वाट, अरुंद व बाजूच्या भिंती तिरप्या ठेवल्या की धूर कमी आणि ऊब जास्त, हे शास्त्रज्ञ काउंट रम्फर्ड यांनी १७९६ च्या सुमारास लिहून ठेवले आहे.

वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या महाबळेश्वरात धुराड्यावर टोपी आणि छपराच्या सांध्यावर पत्र्याची पट्टी नसेल, तर पहिल्याच आषाढात पाणी जाळाच्या जागी उतरते. पावसाळा संपल्यावर, पहिला जाळ करण्यापूर्वी, आतली काजळी व पाखरांची घरटी काढावीत. ओले लाकूड जाळल्यास आत डांबरासारखा थर साचतो, आणि तो पेटला तर धुराडेच जळू लागते. म्हणूनच लाकडी वासे धुराड्यापासून किमान २ इंच दूर असावेत, आतील अस्तर आगीला टिकणाऱ्या विटांचे (फायरब्रिक) असावे आणि एवढ्या मोठ्या तोंडापुढे २० इंच तरी दगडी फरशी असावी. लाकडी फळ्यांची जमीन तिच्यापलीकडे.

झोपण्यापूर्वी थंडी आत येऊ नये म्हणून धुराड्याची झडप लावून घेण्याची सवय तर जिवावर बेतू शकते. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. उत्तर भारतात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्यांच्या मृत्यूच्या बातम्या दर हिवाळ्यात आपण वाचतोच. या वायूची सूचना देणारा गजर बसवण्याचा खर्च संगमरवरी चौकटीपुढे किरकोळ आहे.

वास्तुरचनाकारांना माझी विनंती एवढीच, की फायरप्लेस द्यायची असेल तर पायापासून टोपीपर्यंतच्या धुराड्याचा उभा छेद पहिल्याच नकाशात काढावा. आमच्या आप्तांच्या फायरप्लेसमध्ये सध्या विजेचे दिवे लावलेले आहेत, कारण आता धुराडे द्यायचे तर वरच्या मजल्यावरची न्हाणी फोडावी लागेल.

आपला नम्र,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता, सातारा