मध्यम लहरी बंद करताना रात्रीच्या श्रोत्यांचाही विचार व्हावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मध्यम लहरींवरची, म्हणजे एएम रेडिओची, केंद्रे जगभर एकेक करून बंद होत आहेत. युरोपातल्या जुन्या रेडिओंच्या तबकडीवर ज्याचे नाव छापलेले असे, त्या स्वित्झर्लंडच्या बेरोम्युन्स्टर केंद्राची मध्यम लहर २००८ साली थांबली. जर्मनीच्या डॉइचलांडफुंक या रेडिओची २०१५ च्या अखेरीस. विजेचा खर्च मोठा, श्रोते कमी आणि एफएम व इंटरनेटवर आवाज स्वच्छ, ही कारणे खरीच आहेत. पण या हिशेबात रात्र कुठेच धरलेली नसते.

दिवसा उन्हामुळे ६० ते ९० किलोमीटर उंचीवर विद्युतभारित कणांचा जो थर तयार होतो, तो या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरतो. मग लहरी त्याहून वरच्या थरांपर्यंत जातात आणि तिथून वळून शेकडो, कधी हजारो किलोमीटरवर जमिनीवर उतरतात. असा परावर्तन करणारा थर खरोखर आहे, हे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड ॲपल्टन यांनी १९२४ साली बीबीसीच्याच प्रक्षेपकाच्या मदतीने दाखवून दिले.

रात्री रेडिओ लावून काटा हळूहळू फिरवला की खरखरीतून एखादा आवाज वर येतो. भाषा कळत नाही, पण बातम्या चालल्यात हे सुरावरून समजते. त्याच जागी दुसरे केंद्र आडवे येत असेल तर संच थोडा वळवायचा. आतल्या फेराइटच्या कांडीची, म्हणजे अँटेनाची, दिशा बदलते, एक आवाज दबतो, दुसरा उघडतो. मध्येच दूरवरच्या विजेचा कडकडाट. आवाज बुडतो, मिनिटभराने परत येतो, तोवर आपण श्वास रोखून बसलेलो असतो! तो निवेदक या क्षणी कुठेतरी जागा आहे आणि आपणही जागे आहोत, एवढ्यानेही एकटेपणा हलका होतो. मध्ये ना खाते, ना पासवर्ड, ना कुठली कंपनी. इंटरनेटवर हेच केंद्र अधिक स्पष्ट ऐकता येते, पण ते अंतर कापून आल्यासारखे मला कधीच वाटले नाही.

शिवाय वादळात मोबाइलचे मनोरे कोसळले तरी दूरचा एक शक्तिशाली प्रक्षेपक सेलवर चालणाऱ्या संचापर्यंत पोहोचतो. निदान असे काही प्रक्षेपक तरी राखून ठेवावेत.

आणि बंद करायचेच ठरले, तर तारीख पुरेशी आधी जाहीर करावी. कोणते केंद्र, कुठल्या मीटरवर, किती वाजता, कसे ऐकू आले, हे श्रोते कळवतात आणि केंद्र त्याची पोच म्हणून क्यूएसएल कार्ड पाठवते, ही फार जुनी रीत आहे. दूरच्या श्रोत्यांना शेवटचा अहवाल पाठवता यावा आणि केंद्राने त्या प्रत्येकाला उत्तर द्यावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक