टीव्ही बदलण्याआधी सेटिंग पाहावे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सेलू तालुक्यातील आमच्या लहानशा वाचनालयात रविवारी दुपारी शाळकरी मुलांना संगणकावरून चित्रपट आणि माहितीपट दाखवले जातात. संगणक एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडायचा, खिडक्यांवर चादरी टाकायच्या आणि मुलांना सतरंजीवर बसवायचे, एवढीच त्याची व्यवस्था असते. मागील हिवाळ्यात अजिंठ्यावरचा एक माहितीपट लावला, तेव्हा पहिल्या लेण्यातील पद्मपाणीचा चेहरा तेवढा ओळखू येत होता आणि त्याच्या भोवतीच्या सर्व आकृती काळ्या डागांत बुडाल्या होत्या. अजिंठा आपल्या मराठवाड्यातच असूनही या मुलांपैकी बहुतेकांनी तो पाहिलेला नाही. त्याची पहिली ओळख त्यांना अशी व्हावी, याचे मला फार वाईट वाटले.

तपासायला आलेल्या तंत्रज्ञाने टीव्हीचे पॅनल, म्हणजे चित्र दाखवणारा पडदाच, गेल्याचे सांगितले आणि नवा टीव्ही घेण्याचा सल्ला दिला. वर्गणीवर चालणाऱ्या वाचनालयाला तो खर्च झेपणारा नव्हता, म्हणून आम्ही स्वतःच शोध घेतला, तेव्हा पॅनलमध्ये काहीच दोष नसल्याचे आढळले. चित्रपटाच्या फाइलमध्ये उजेडाची पातळी साधारणपणे १६ ते २३५ या आकड्यांत नोंदलेली असते. त्यात १६ म्हणजे पूर्ण काळा आणि २३५ म्हणजे पूर्ण पांढरा. संगणक मात्र आपल्या पडद्यासाठी ० ते २५५ हा सगळा पल्ला वापरतो. आमचा संगणक ० पासूनचे आकडे पाठवत होता आणि टीव्ही १६ व त्याखालचे सर्व काही काळेच धरत होता, त्यामुळे सावलीतला प्रत्येक बारकावा नाहीसा होत होता. टीव्हीच्या चित्रविषयक सेटिंगमधील ‘ब्लॅक लेव्हल’ हा पर्याय ‘लो’ वरून ‘नॉर्मल’ वर नेताच मागच्या आकृती उमटल्या. काही टीव्हींवर ‘नॉर्मल’ ऐवजी ‘हाय’ असे लिहिलेले असते, आणि हीच दुरुस्ती संगणकाच्या ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन पल्ला बदलूनही करता येते. याउलट गफलत झाली, तर चित्र गडद न होता फिके पडते आणि काळा रंग राखाडी दिसतो.

चित्र अंधारे दिसले की आपल्याकडे सर्वांचा हात आधी ब्राइटनेसकडे जातो. परंतु प्लेअरमधील ब्राइटनेस वाढवल्याने काळा भागही वर उचलला जातो आणि सगळे चित्र धुरकट होते. त्याऐवजी गॅमा वाढवावा, कारण त्याने पूर्ण काळा आणि पूर्ण पांढरा जागच्या जागी राहून मधल्या छटा उजळतात. व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये कंट्रोल आणि ई ही बटणे एकत्र दाबली की इफेक्टची खिडकी उघडते. तिच्यातील व्हिडिओ विभागात चित्र सुधारण्याच्या चौकटीवर खूण केली की गॅमाची पट्टी हलवता येते. ती थोडीशीच हलवावी. चित्रपट अंधाऱ्या सभागृहासाठी तयार केलेला असतो, आणि रात्रीच्या प्रसंगातला दिग्दर्शकाने ठेवलेला काळोख आपण पुसून टाकणे योग्य नाही.

अलीकडे एचडीआर प्रकारच्या, म्हणजे उजेड-अंधाराचा अधिक मोठा पल्ला नोंदवणाऱ्या, फाइल मोठ्या प्रमाणावर येऊ लागल्या आहेत. त्यांतील उजेडाचे मोजमाप १०,००० निट्सपर्यंतचा (निट हे पडद्याचा उजेड मोजण्याचे एकक) विचार करून ठरवलेले असते, तर साध्या लॅपटॉपचा पडदा बहुधा २५० ते ३०० निट्सचा असतो. म्हणून प्लेअरला हा उजेड साध्या पडद्याच्या आवाक्यात आणावा लागतो. हे रूपांतर न करणाऱ्या जुन्या प्लेअरवर अशी फाइल मळकट आणि निस्तेज दिसते. व्हीएलसीच्या २०१८ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून ही सोय आहे, त्यामुळे जुनी आवृत्ती असल्यास ती आधी बदलावी. शक्य असेल तेथे साधी, म्हणजे एसडीआर फाइल निवडणे अधिक सोपे.

लाइट गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर चालू लागतो आणि वीज वाचवण्यासाठी पडदा आपोआप मंद करतो, हेही आमच्या भागात नित्याचे आहे. काही लॅपटॉप दृश्य काळोखाचे असेल तर पडद्याचा उजेड आणखी कमी करतात. विंडोज ११ मध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमधील ब्राइटनेसखाली हा पर्याय आढळल्यास चित्रपटापुरता तो बंद करावा.

मराठवाड्यातील अनेक शाळांत आणि वाचनालयांत देणगीतून मिळालेले टीव्ही व संगणक आहेत. त्यांतील किती संच केवळ एका चुकीच्या सेटिंगमुळे ‘खराब’ ठरून कोपऱ्यात पडले असतील, या विचाराने मन अस्वस्थ होते. आपण शैक्षणिक पुरवणीत या सेटिंगची माहिती मेनूच्या छायाचित्रांसह एकदा छापावी, म्हणजे शिक्षकांना व ग्रंथपालांना ती कापून संगणकाशेजारी चिकटवता येईल, अशी आग्रहाची विनंती आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक
सेलू, जि. परभणी